फियाट पुढे की मारुती?

घरात आजोबा आणि मामा एकत्र बसलेले असतील तेव्हा एवढंच विचारा : ‘फियाट चांगली की मारुती?’ मग बघा, कपातला चहा गार होईल, पण वाद काही मिटणार नाही!

फियाट म्हणजे प्रीमियर पद्मिनी. ही गाडी मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार व्हायची. मारुती 800 आली डिसेंबर 1983 मध्ये. आपला लातूर जिल्हा वेगळा झाला ऑगस्ट 1982 मध्ये, म्हणजे जिल्हा आणि मारुती यांच्या वयात जेमतेम सव्वा वर्षाचं अंतर.

पद्मिनीचं इंजिन 1089 सीसीचं, चार सिलिंडरचं. मारुतीचं 796 सीसीचं, तीनच सिलिंडरचं. तरी दोघींची ताकद जवळपास सारखीच, 40 अश्वशक्तीच्या आतबाहेर! मग नांदेडहून लातूरला येताना बालाघाटाच्या चढावर मारुती पुढे का सटकायची?

वजनामुळे. पद्मिनी 900 किलोच्या घरात, मारुती 650 च्या. करा भागाकार : पद्मिनीच्या एका अश्वशक्तीला साडेबावीस किलो ओढावे लागतात, मारुतीच्या एकीला सोळा-सतरा.

पण थांबा, गाडीत अजून कोणी बसलेलंच नाही! आता दोन्हींत माणसं आणि सामान मिळून 300 किलो भरा. पद्मिनीचं ओझं एक तृतीयांशानं वाढलं, मारुतीचं मात्र जवळजवळ दीडपट झालं. हलक्या गाडीला भार जास्त जाणवतो तो असा. शिवाय पद्मिनीचा गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ आणि पुढचं सीट सलग, त्यामुळे पुढेच तिघं मावायचे. अख्खं घर लग्नाला न्यायचं असेल तर मी पद्मिनीच काढीन. एकट्यादुकट्याला नांदेड गाठायचं असेल तर मारुती. पेट्रोलही कमी लागेल.

पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत आणखी एक मजा होते. मारुतीची पुढची चाकं गाडी ओढतात, पद्मिनीची मागची चाकं ढकलतात. रिकामी मारुती चिखलातून छान निघते, कारण इंजिनाचा भार नेमका ओढणाऱ्या चाकांवर असतो. पण डिकी भरली आणि चढ लागला की भार मागे सरकतो, पुढची चाकं हलकी होतात आणि जागच्या जागी फिरू लागतात. पद्मिनीला उलट त्याच भारानं पकड मिळते.

उन्हाळ्यात मात्र पद्मिनीची कसोटी. लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. तिथल्या गर्दीत मे महिन्यात गाडी अडकली की इंजिन मंद चालतं. पद्मिनीचा पंखा पट्ट्यानं इंजिनालाच जोडलेला, म्हणून तोही मंद! रेडिएटरमधलं पाणी उकळायला लागतं. (त्याचं झाकण गरम असताना कधीही उघडू नका; दाबलेली वाफ उसळून भाजते.) मारुतीचा पंखा विजेवर चालतो, गाडी उभी असली तरी गरगर फिरतो.

रस्त्यात जुनी गाडी दिसली तर मालकांना बॉनेट उघडून दाखवायला सांगा. पद्मिनीचं इंजिन उभं, गाडीच्या लांबीच्या दिशेनं बसवलेलं दिसेल. तिथून मागच्या चाकांपर्यंत गाडीखालून लांब दांडा जातो, तोही वाकून बघा. मारुतीचं इंजिन आडवं असतं. म्हणून तर तिचं नाक एवढं आखूड!