गळ टाकायचाय? आधी पिल्लूचं माप घ्या!

मुलांना घेऊन फिशिंग ट्रिप ही आयडिया एकदम झक्कास. पण हिंगोलीच्या धरणाकाठी जायचं की थेट मालवण गाठायचं? होडीत बसायचं की काठावरच? सुट्टीचा बेत पक्का करण्याआधी हे वाचाच.

टीव्हीवर कुणीतरी भलामोठा मासा पाण्यातून ओढून काढतो आणि सोफ्यावरचं पिल्लू विचारतं, ‘बाबा, आपण कधी जायचं?’ बाबा नुकतेच क्लाएंटच्या कॉलवरून सुटलेले असतात. ‘जाऊ या की!’ म्हणून मोकळे होतात. मग रात्री लॅपटॉपवर शोधाशोध सुरू. गोवा, मालवण, अंदमान... बोटींचे फोटो एकाहून एक सरस. पण तुम्ही जर पुण्या-मुंबईत नोकरी करणारे आणि सुट्टीला हिंगोलीला घरी जाणारे असाल, तर पहिला प्रश्न हाच, की एवढ्या लांब समुद्र गाठायची खरंच गरज आहे का?

नाही! हिंगोलीला समुद्र नसेल, पाणी मात्र भरपूर आहे. पूर्णा नदीवर येलदरी आणि त्याच्या खालच्या अंगाला औंढा तालुक्यातलं सिद्धेश्वर. पैनगंगेवर कळमनुरीच्या बाजूला इसापूर. रोहू, कटला, मृगळ, मरळ, वाम आणि मुलांच्या गळाला चटकन लागणारी चिलापी, सगळी मंडळी हजर. प्रश्न फक्त निवडीचा. आणि इथेच भलेभले चुकतात. ट्रिप निवडताना आपण बोट बघतो, रेट बघतो, फोटो बघतो. बघायला हवं ते सोबतच्या सगळ्यात छोट्या मेंबरकडे. किती तास जायचं, किती लांब जायचं, बोटीत बसायचं की नाही, हे त्याच्या मापाने ठरवा.

मे महिना? नको रे बाबा!

शाळेला सुट्टी मे महिन्यात, म्हणून ट्रिपही मे महिन्यात. हिशेब सोपा वाटतो, पण पाण्याचं कॅलेंडर वेगळं असतं. २१ मे २०२४ ला उजनीच्या जलाशयात कुगाव ते कळाशी जाणारी बोट अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले, त्यात दोन लहान मुलं होती. त्याआधी २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट बुडाली, दोघांचा जीव गेला. एक धरण, एक समुद्र. पण दोन्ही अपघात मे महिन्याच्या उत्तरार्धातले.

यामागे साधं कारण आहे. दिवसभर तापलेल्या जमिनीवर दुपारनंतर ढग जमतात, वळवाचा वारा सुटतो आणि आरशासारखं पाणी बघता बघता खवळतं. मोठ्या जलाशयात वाऱ्याला अडवायला काहीच नसतं. समुद्रावर मान्सूनची चाहूल लागलेली असते. म्हणून दिवाळीची सुट्टी बेस्ट! पावसाने हात दिलेला असेल तर धरणं भरलेली, ऊन सौम्य आणि तुम्ही तसेही घरी आलेले. समुद्रावर जायचं तर डिसेंबर ते फेब्रुवारीचा मोसम उत्तम. आणि मे महिन्यातच जायचं ठरलं तर सकाळी लवकर जा, काठावर बसा, दहाच्या आत परत या.

हिंगोलीत : काठावरचा फंडा

आधी एक गोष्ट स्पष्ट. मुलांसाठीचं जॅकेट, सावली आणि गाइड असं सगळं पॅकेज असलेली चार्टर बोट इथे शोधू नका. धरणात दिसतात त्या मच्छीमारांच्या होड्या, नाहीतर थर्माकोलचे तराफे. ते जाळी टाकण्यासाठी असतात. भोई दादा त्यावर सहज तोल सांभाळतात, कारण त्यांचं आयुष्य त्यात गेलंय. तुमची सहा वर्षांची मुलगी मासा दिसताच टुणकन उभी राहणार! फोटोसाठीसुद्धा तिला तराफ्यावर बसवू नका.

त्यापेक्षा त्याच दादांना काठावर गुरू करा. दोन तासांचे पैसे आधी ठरवा आणि मुलांना त्यांच्या ताब्यात द्या. गांडूळ कसं लावायचं, कणकेचा गोळा किती घट्ट मळायचा, तरंगणारा थर्माकोलचा तुकडा हलला की नुसतं चाटलंय की गिळलंय, हे त्यांच्याइतकं झकास कुणी शिकवणार नाही. बांबूची हलकी काठी, नायलॉनची दोरी, छोटा गळ, बस्स. गळाच्या टोकाचा उलटा काटा पकडीने दाबून टाका. मासा सोडायला सोपं जातं आणि कुणाच्या बोटात रुतला तरी काढता येतो.

परवानगीचं काय? जलाशयातल्या मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. आधी त्यांना विचारा, ‘हौशी गळ चालेल का?’ इसापूरला आणखी एक दार ठोठवा. तिथे पक्षी अभयारण्य आहे, त्यामुळे कुठे बसता येईल हे वनखात्याकडून समजून घ्या.

जागा निवडताना तीन गोष्टी बघा. उतार सौम्य आणि पायाखाली घट्ट जमीन हवी. धरणाचा गाळ वरून सुकलेला दिसतो, पण पाय टाकला की गुडघाभर आत! दुसरं, भिंतीजवळ आणि दगडी पिचिंगवर बसू नका, शेवाळावरून मोठी माणसंही घसरतात. तिसरं, धरणाच्या खाली नदीपात्रात मुळीच नको. येलदरीला वीजनिर्मिती होते, पाणी सुटलं की खालची पातळी वाढते. कोरडा दिसणारा खडक बेट व्हायला वेळ लागत नाही.

आणि मासा लागलाच नाही तर? नो प्रॉब्लेम. औंढा नागनाथाचं हेमाडपंती मंदिर सिद्धेश्वरपासून जवळच आहे. दर्शन, जेवण, दिवस सार्थकी!

मालवणात : बोट हवीच असेल तर

मुलं जरा मोठी असतील आणि ‘बोटच हवी’ असा हट्ट असेल, तर मालवण-तारकर्ली-देवबाग. इथे गळाला म्हणतात गरी आणि गळ टाकून मासेमारी करणं म्हणजे गरवणं. जाहिरातीतली ‘डीप सी’ ट्रिप तुमच्या ऑफिसच्या गँगसाठी ठेवा. पाच-सहा तास सावली नाही, टॉयलेट नाही आणि उतरायची सोय नाही, हे आठ वर्षांच्या मुलासाठी साहस नव्हे, शिक्षा आहे. पहिल्या वेळी कर्ली नदीच्या खाडीत दीड-दोन तास पुरे. पाणी त्यामानाने शांत, किनारा नजरेच्या टप्प्यात आणि कुणाला बोट लागली तर लगेच परत फिरता येतं.

पाच वर्षांच्या आतली मुलं असतील तर किनाऱ्यावरची रापण दाखवा. दोन बाजूंनी दोर धरून सगळं गाव जाळं ओढतं, आत चांदीसारखे मासे उसळत असतात. विचारलंत तर मुलांनाही दोराला हात लावू देतात. बोटीत न बसता एवढा थरार कुठे मिळणार?

बोट घेताना सीटवर नको, अख्खी घ्या. चार पैसे जास्त जातील, पण मुलगा रडायला लागला तर शेअर बोट तुमच्यासाठी मागे फिरणार नाही. आणि नाखवा ‘आज वारा आहे, नको’ म्हणाला तर त्याच्याशी हुज्जत घालू नका. उलट त्याचाच नंबर सेव्ह करा. पुढच्या वेळी जायचं ते त्याच्याबरोबरच!

फोनवर विचाराच!

● लहान मुलांची जॅकेटं आहेत का? किती किलो वजनाची? (‘होतंय अॅडजस्ट’ हे उत्तर आलं तर फोन ठेवा.)

● बोटीला प्रवासी परवाना आहे का? किती माणसांचा? त्यात मुलंही मोजता ना?

● किनाऱ्यापासून किती लांब नेणार? मध्येच परत फिरावं लागलं तर किती वेळ लागेल?

● सावली आणि प्यायचं पाणी आहे का?

● हवा बिघडली तर पैसे परत की दुसरी तारीख? (पैसे अडकले की माणूस नको तेव्हा पाण्यात उतरतो.)

जॅकेटची टेस्ट

जॅकेट घालून सगळे पट्टे आवळा, पायांमधला पट्टाही. आता खांद्यांपाशी धरून वर ओढा. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर ते मोठं आहे, पाण्यात मूल त्यातून निसटेल. हवा भरलेल्या रबरी ट्यूब आणि दंडाचे फुगे ही स्विमिंग पूलमधली खेळणी आहेत, जॅकेटला पर्याय नव्हेत. काठावर बसलात तरी लहानग्यांना जॅकेट हवंच. आणि एका मोठ्या माणसाने काठी न धरता, मोबाइल खिशात ठेवून फक्त मुलांकडे बघायचं. आळीपाळीने ड्युटी लावा, आईच्याच गळ्यात टाकू नका!

घरी येताना डब्यात दोन चिलाप्या असतील किंवा नसतीलही. पण शाळा सुरू झाल्यावर वर्गात जी गोष्ट सांगितली जाईल, तिच्यात त्यांची लांबी हातभर झालेली असेल, हे नक्की. मग, दिवाळीची रजा टाकताय ना?