पाऊण किमतीचे गोल

सेव्हिलच्या सामन्याची गोष्ट आज नाही. गेल्या आठवड्यात वायदा केला होता, मान्य आहे. पण मधल्या दिवसांत नाशिकच्या एका वाचकांचं पत्र आलं आणि त्यात त्यांनी असा नेमका हिशेब मांडलाय, की त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे सरकणं म्हणजे पळ काढणं होईल.

त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत नाही, पण त्यांच्याच क्रमाने सांगतो. 2000-01 च्या हंगामात ग्लासगोच्या सेल्टिककडून खेळताना हेन्रिक लार्सनने स्कॉटिश लीगमध्ये 35 गोल केले आणि युरोपातल्या सर्वाधिक गोलांचा ‘गोल्डन शू’ पटकावला, असं मी कौतुकाने लिहिलं. त्यांनी गुणांचा तक्ता शोधून काढला. त्यात लार्सनच्या नावापुढे 52.5 गुण आहेत. म्हणजे एका गोलाला दीड गुण. इटली, स्पेन, इंग्लंडमधल्या गोलाला मात्र दोन. मग, ते विचारतात, बक्षीस देणाऱ्यांनीच कबूल केलं ना, की स्कॉटलंडमधला गोल पाऊण किमतीचा? आणि असे पाऊण किमतीचे गोल करण्यात माणसाने पंचविशीपासून बत्तिशीपर्यंतची वर्षं घालवली, तर त्याला वाया घालवणं नाही तर काय म्हणायचं?

हिशेब बिनचूक आहे. त्याचा पुढचा भाग तर आणखी मजेदार आहे. त्या वर्षी दुसरा आला लाझिओचा हर्नान क्रेस्पो. इटलीत 26 गोल, गुणिले दोन, 52. लार्सन 52.5. अर्ध्या गुणाने बूट ग्लासगोला गेला. लार्सनचा एक गोल कमी असता तर 51, आणि बूट रोमला. त्यामुळे त्या 35 मधला कुठलाही गोल, अगदी आपलाच संघ तीन-चार गोलांनी पुढे असताना उगाच केलेला वाटणारासुद्धा, उगाच नव्हता.

पण हा दीड आणि दोन आला कुठून? फुटबॉलवाल्यांना सहसा या भानगडीत रस नसतो, मला मात्र भारी आहे.

फ्रान्सच्या ‘लेकिप’ या क्रीडादैनिकाने 1968 मध्ये हा बूट सुरू केला. पहिला मानकरी बेन्फिकाचा युसेबिओ, 42 गोल. तेव्हा सरळ मोजणी होती, युरोपातल्या कुठल्याही देशात केलेला गोल तो गोल. साहजिकच लहान लीगांमध्ये धो धो गोल करणाऱ्यांचं फावलं. बुखारेस्टच्या दुदु जॉर्जेस्कूने दोनदा बूट नेला, त्यातल्या 1977 च्या खेपेला तब्बल 47 गोल. 1987 ला रुमानियाचाच रोडियन कामातारू 44 गोलांवर पोचला, पण त्यातले बरेचसे हंगामाच्या अगदी शेवटच्या काही सामन्यांत धडाधड पडले होते. ऑस्ट्रियाचा टोनी पोल्स्टर 39 वर थांबून हात चोळत राहिला. कुजबुज इतकी वाढली, की पुढे पोल्स्टरलाही एक बूट द्यावा लागला. कळस केला सायप्रसने. 1990-91 नंतर तिथल्या संघटनेने दावा केला, की आमच्या एका खेळाडूचे 40 गोल झालेत, बूट आमचा. त्या लीगच्या अधिकृत यादीत सर्वांत वरच्या खेळाडूच्या नावावर होते 19. ‘लेकिप’ने कपाळाला हात लावला आणि अधिकृत बूट देणंच बंद केलं. 1996-97 ला युरोपातल्या क्रीडा मासिकांच्या संघाने तो पुन्हा सुरू केला तो गुणकासकट. सर्वांत वरच्या लीगांना दोन, त्यांच्याखालच्या लीगांना दीड, उरलेल्यांना एक.

म्हणजे नाशिककरांचा पाऊण हा लार्सनसाठी काढलेलाच नाही. बनावट गोलांना लगाम घालायला आणलेली ती चाळणी आहे, आणि अशा चाळणीत खरं धान्यही थोडं अडकतंच.

आता दुसरा प्रश्न. कुठली लीग दोनची आणि कुठली दीडची, हे ठरवतं कोण? त्यासाठी युएफाची देशवार क्रमवारी वापरतात. त्या-त्या देशाच्या क्लबांनी गेल्या पाच वर्षांत युरोपीय स्पर्धांत काय केलं, त्यावरून ती निघते. इथेच गंमत आहे. क्लबांनी मिळवलेल्या गुणांची बेरीज होते आणि त्या बेरजेला देशाने किती संघ पाठवले त्या आकड्याने भागतात. समजा स्कॉटलंडचे चार संघ युरोपात उतरले. सेल्टिकने सामना जिंकला, दोन गुण. देशाच्या खात्यात पडला अर्धा. तोवर उरलेल्या तिघांपैकी एखाद-दोघे ऑगस्ट-सप्टेंबरातच गाशा गुंडाळून घरी आलेले असतात, आणि भाजक मात्र चारचा चारच राहतो. एकत्र कुटुंबात मिळवता एक आणि पानावर बसणारे चार, तशातली गत.

लार्सनने सेल्टिकसाठी युरोपीय स्पर्धांत 35 गोल केले. स्वतःच्या लीगची किंमत वाढवायला त्याने जेवढा हातभार लावला, तेवढा त्या काळात क्वचितच कुणी लावला असेल. पण त्याच्या लीगमधल्या गोलाला दीड मिळणार की दोन, हे ठरत होतं हार्ट्स आणि किल्मार्नक यांसारख्या इतर स्कॉटिश क्लबांच्या युरोपातल्या कामगिरीवर. या गुणकाने मोजला जातो तो शेजाऱ्यांचा दुबळेपणा. लार्सनचा त्यात कुठे आला?

शेजारी दुबळे होते, यात वाद नाही. स्कॉटलंड म्हणजे तेव्हा पन्नास लाखांचा देश. दक्षिणेला 1992 पासून इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये टीव्हीचा पैसा ओतायला सुरुवात झालेली. ग्लासगोचे सेल्टिक आणि रेंजर्स हे दोन क्लब सोडले तर कुणाकडे ना मोठं स्टेडियम, ना गल्ला. 1985 ला ॲबर्डीनने लीग जिंकली (त्यांचे मॅनेजर ॲलेक्स फर्ग्युसन), त्यानंतर लार्सन ग्लासगो सोडेपर्यंत तिसऱ्या कुणाचं नाव विजेत्यांच्या यादीत लागलं नाही.

पण लहान लीगमध्ये स्ट्रायकरला एक जाच असतो, तो मोठ्या लीगच्या चाहत्यांच्या लक्षात येत नाही. लार्सन 1997 ला आला तेव्हा त्या लीगमध्ये दहाच संघ होते आणि प्रत्येक जण प्रत्येकाशी वर्षातून चारदा खेळायचा. वर दोन कप स्पर्धा. 2000-01 पासून बारा संघ झाले: आधी तीन फेऱ्या, मग वरचे सहा आणि खालचे सहा वेगळे करून आणखी पाच सामने. म्हणजे एखादा स्टॉपर तुम्हाला ऑगस्टात भेटतो, नोव्हेंबरात भेटतो, फेब्रुवारीत भेटतो आणि मे महिन्यात पुन्हा छातीला छाती भिडवून उभा. तुम्ही उडी कुठल्या पायावर मारता, डावीकडे झुकून उजवीकडे कधी सुटता, हे त्याला पाठ झालेलं असतं. इटलीत क्रेस्पोला एका स्टॉपरचा सामना लीगमध्ये वर्षाला दोनदाच करावा लागे. सेल्टिकविरुद्ध खालचे संघ अकराच्या अकरा आपल्या पेनल्टी बॉक्समध्ये उभे करत, म्हणजे धावायला मोकळी जागा नाही आणि ओळखीचा पहारेकरी. त्यातून सात वर्षं गोल काढत राहायला दर वर्षी स्वतःत काहीतरी नवं घालावं लागतं. लार्सन जेमतेम पावणेसहा फुटांचा, तरी त्याचे हेडर दर वर्षी अधिक धारदार होत गेले ते याच जाचातून, असं माझं मत आहे.

आणि रेंजर्सविरुद्धचे वर्षातले चार सामने तर कुठल्याच अर्थाने पाऊण किमतीचे नव्हते. 27 ऑगस्ट 2000 घ्या. मार्टिन ओनील मॅनेजर झाल्यानंतरचा पहिला रेंजर्स-सामना. अकरा मिनिटांत सेल्टिकचे तीन गोल. मध्यंतराला 3-1. रेंजर्सच्या गोलमध्ये श्टेफान क्लोस, ज्याने 1997 ला डॉर्टमुंडकडून चॅम्पियन्स लीग जिंकलेली. गंमत म्हणजे त्या अंतिम सामन्यात डॉर्टमुंडच्याच मधल्या फळीत खेळलेला पॉल लॅम्बर्ट आता सेल्टिकमध्ये होता आणि त्या तीन गोलांपैकी एक त्याचाच. उत्तरार्ध सुरू होऊन पाचेक मिनिटं झाली असतील. मागून लांब चेंडू आला, ख्रिस सटनने तो लार्सनच्या वाटेवर वळवला. समोर बर्ट कोंटरमन, डच डिफेंडर, लार्सनच्याच जुन्या फेयेनूर्डहून नुकताच आणलेला. लार्सनने धावता धावता चेंडू त्याच्या दोन पायांमधून काढला. क्लोस पुढे सरकतोय हे दिसायला एक पाऊल, आणि पुढच्या पावलाला बुटाचं टोक चेंडूखाली. चेंडू क्लोसच्या डोक्यावरून गेला आणि जाळ्यात उतरला. सामना 6-2. ही चित्रफीत मी इतक्यांदा पाहिली आहे, की घरातले आता तो आवाज ऐकला की दार लोटून घेतात. दर खेपेला नजर कोंटरमनवर जाते. तो वळतो तोवर सगळं संपलेलं असतं.

हा गोलही दीडचाच. आणि लिऑनमध्ये ऑक्टोबर 1999 ला पाय मोडल्यानंतरचा हा त्याचा पहिला पूर्ण हंगाम, हे नियमित वाचकांना आठवत असेलच.

जाता जाता, दुसऱ्या एका वाचकांनी विचारलंय, की या सेल्टिकशी आपल्या देशाचा काही धागा आहे का. आहे, आणि झकास आहे. 1936 साली कोलकात्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगचा विंगर मोहम्मद सलीम ग्लासगोला गेला. मोहमेडन तेव्हा ओळीने कलकत्ता लीग जिंकत होतं. सलीमचा भाऊ स्कॉटलंडमध्ये राहायचा, त्याने सेल्टिकचे मॅनेजर विली मॅली यांच्याकडे शब्द टाकला. सलीम बूट घालत नसे. पायांना पट्ट्या गुंडाळून तो सेल्टिकच्या दुय्यम संघाकडून दोन सामने खेळला, गॅल्स्टनविरुद्ध 7-1 आणि हॅमिल्टनविरुद्ध 5-1. वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतलं, पण सलीमला घरची ओढ लागली आणि तो कोलकात्याला परतला. अनवाणी पायांना गुणक किती लावायचा, हे नाशिककरांनी ठरवावं.

असो. पत्रलेखकांची बाजू अगदीच लंगडी आहे असं मला म्हणायचं नाही. लार्सनने किंमत मोजली, फक्त ती गोलांच्या रकान्यात दिसत नाही. चॅम्पियन्स लीगच्या गटात सेल्टिक पहिल्यांदा उतरलं ते 2001 च्या सप्टेंबरात, आणि त्याच महिन्यात लार्सनने तिशी पूर्ण केली. ज्या वयात स्ट्रायकर तिथे पाच-सहा हंगाम मुरलेला असतो, त्या वयात हा नवखा. त्या गटात सेल्टिकने युव्हेंटसला घरी 4-3 ने हरवलं, पोर्टो आणि रोझेनबोर्गलाही घरी हरवलं, बाहेरचे तिन्ही सामने गमावले आणि नऊ गुण मिळवून बाहेर पडलं. पहिल्या सामन्यात ट्युरिनला गोल करणाऱ्यांत लार्सन होता. तिथे त्याची उंची कुणाहून कमी भरली नाही. पण मंगळवार-बुधवारच्या त्या रात्री त्याच्या वाट्याला फार उशिरा आणि फार मोजक्या आल्या, आणि बाकीच्या युरोपला तो दिसला तो मुख्यतः गोलांच्या यादीतलं एक नाव म्हणून. याची हळहळ मलाही आहे.

आता तुमचा पाऊण मी मान्य करतो आणि तुमच्याच पद्धतीने चालतो. सेल्टिकसाठी लार्सनचे लीगमधले गोल 174, सामने 221. त्याचे पाऊण म्हणजे एकशे साडेतीस. एक अख्खा हंगाम जवळजवळ मोडलेल्या पायात गेला, तो बाजूला ठेवला तर वर्षाला वीस-एकवीस गोल पडतात. सहा हंगाम, दुय्यम प्रतीचा म्हणून कापून घेतल्यावरही, वीस-एकवीस! इटलीत 2000-01 ला पहिला आलेल्या क्रेस्पोचे 26 होते. त्याच्या मागे पाच-सहा गोलांवर सहा वर्षं ठाण मांडून बसणारा स्ट्रायकर मिलानने काय, माद्रिदने काय, आनंदाने घेतला नसता?

बूट देणाऱ्यांची चाळणी अजून तीच आहे. 2002 ला स्पोर्टिंग लिस्बनच्या मारिओ जार्देलने 42 गोलांवर बूट नेला, त्यानंतर पहिल्या पाच लीगांबाहेरच्या कुणालाही तो मिळालेला नाही. 2024-25 ला त्याच स्पोर्टिंगच्या व्हिक्टर ग्योकेरेसने 39 गोल केले, गुण 58.5. रेआल माद्रिदच्या एम्बापेचे 31, गुण 62. आठ गोल जास्त करूनही ग्योकेरेस मागे राहिला. तोही लार्सनसारखा स्वीडिश. त्याच उन्हाळ्यात, सत्ताविसाव्या वर्षी, त्याने लिस्बन सोडून आर्सेनल गाठलं. लार्सनने त्या वयात लीगमध्ये 29 गोलांचा हंगाम केला होता, आणि पुढच्या ऑगस्टात तो पुन्हा किल्मार्नकच्या त्याच ओळखीच्या स्टॉपरसमोर उभा राहायला गेला.