पडद्यावरचा इतिहास (भाग ७) : सप्टेंबर १९३२, येरवडा

रिचर्ड अ‍ॅटनबरो यांच्या ‘गांधी’त (१९८२) दांडीयात्रा आहे, धारासना आहे, लंडनची गोलमेज परिषद आहे. तिथून चित्रपट एकदम दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शिरतो. मधली वर्षं गळतात आणि त्यांच्यासोबत पुणे करारही गळतो. १९१ मिनिटांच्या या चित्रपटात डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे पात्रच नाही. एका माणसाचं सगळं आयुष्य एका कथनात मावणार नाही, असं चित्रपट आरंभीच सांगतो. ते मान्यच आहे. पण चरित्रपटाची बाजू कळते ती त्यानं काय गाळलं त्यावरून, आणि हे गाळणं मला फार मोठं वाटतं.

नेमकं काय घडलं होतं? ऑगस्ट १९३२मध्ये ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड यांनी जातीय निवाडा जाहीर केला. त्यानुसार प्रांतिक विधिमंडळांत अस्पृश्यांना ७१ जागा मिळणार होत्या, त्याही स्वतंत्र मतदारसंघातून. शिवाय सर्वसाधारण मतदारसंघातलं त्यांचं मतही कायम राहणार होतं. म्हणजे दोन मतं: एक स्वतःचा प्रतिनिधी निवडण्यासाठी, दुसरं सवर्ण उमेदवाराला आपली दखल घ्यायला लावण्यासाठी. या दुसऱ्या मताचं मोल बाबासाहेबांनी अचूक ओळखलं होतं. स्वतंत्र मतदारसंघामुळे हिंदू समाज कायमचा दुभंगेल, असं गांधीजींचं म्हणणं होतं. २० सप्टेंबरला येरवड्याच्या तुरुंगात त्यांनी प्राणांतिक उपोषण सुरू केलं.

आता बाबासाहेबांच्या जागी उभं राहून पाहा. झगडून मिळवलेला हक्क सोडायचा, की गांधीजींच्या प्राणांचं ओझं माथी घ्यायचं? आणि त्यांच्या जिवाचं बरंवाईट झालंच असतं, तर त्याचा राग गावकुसाबाहेरच्या वस्त्यांवर निघण्याची भीती होती. २४ सप्टेंबरला करारावर सह्या झाल्या. जागा ७१ वरून १४८ झाल्या, पण मतदारसंघ संयुक्त झाले आणि ते दुसरं मत गेलं.

डॉ. जब्बार पटेल यांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ (२०००) हा पेच टाळत नाही. मामुट्टी यांचे बाबासाहेब आणि मोहन गोखले यांचे गांधीजी समोरासमोर येतात, तेव्हा दोन राजकारणी एकमेकांचं पाणी जोखताना दिसतात. गोखल्यांनी गांधीजींचा पुतळा केलेला नाही. त्यांचे गांधीजी हट्टी आहेत, मुरब्बी आहेत. काहींना ते खटकेल. मला मात्र तोच या चित्रपटाचा प्रामाणिकपणा वाटतो, कारण समोरचा माणूस तोलामोलाचा असल्याशिवाय बाबासाहेबांवरचा दाब कळतच नाही. मामुट्टी यांना या भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मूळ चित्रपट इंग्रजीत आहे. कायद्याच्या आणि युक्तिवादाच्या बळावर लढलेल्या बॅरिस्टरला ती भाषा शोभते.

पटकथेत सूनी तारापोरवालांसोबत अरुण साधू आणि दया पवार होते. ज्यांच्या कादंबऱ्यांवरून पटेलांनी ‘सिंहासन’ केला, ते साधू. आणि ‘बलुतं’ लिहिणारे पवार. सत्तेची बोलणी कशी चालतात हे एकाला ठाऊक, आणि त्या बोलण्यांची किंमत कोण मोजतं हे दुसऱ्याला. येरवड्याच्या प्रसंगासाठी याहून योग्य जोडी मराठीत मिळाली असती असं मला वाटत नाही.

एक गोष्ट आवर्जून नोंदवायला हवी. ‘गांधी’ला राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा पैसा होता, आणि बाबासाहेबांवरचा चित्रपटही त्याच महामंडळाने निर्माण केला. ‘गांधी’शी मराठी माणसांचं नातंही जवळचं आहे: कस्तुरबा रोहिणी हट्टंगडींनी साकारली, तर वेशभूषेसाठी कोल्हापूरच्या भानू अथैया यांना ऑस्कर मिळालं. कस्तुरबांचे अखेरचे दिवस दाखवायला तो चित्रपट पुण्याच्या आगाखान पॅलेसपर्यंत येतोही. येरवड्याचा तुरुंग तिथून हाकेच्या अंतरावर आहे.

आणि तो प्रसंग सह्यांनी मिटला, असंही म्हणता येत नाही. १९४५मध्ये बाबासाहेबांनी काँग्रेस आणि गांधीजींनी अस्पृश्यांसाठी काय केलं, याचा हिशेब मांडणारं अख्खं पुस्तक लिहिलं. पुणे करारानं आपल्या लोकांच्या हाती काय ठेवलं आणि काय काढून घेतलं, हे त्यात निवडणुकांच्या आकड्यांसह आहे. अ‍ॅटनबरोंच्या चित्रपटाच्या कितीतरी आधी ते छापून आलेलं होतं.