टॉवर एक, कंपन्या तीन: मग माझ्याच सिमला रेंज का नाही?

मागच्या भागानंतर एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. गाव घाटमाथ्यावरचं. ते म्हणतात, "गावाच्या टेकडीवर टॉवर आहे. बायकोच्या फोनला चार काड्या रेंज, आणि माझ्या फोनवर 'फक्त इमर्जन्सी कॉल'. टॉवर तोच, अंगण तेच. मग मी काय पाप केलंय?" प्रश्न इतका नेमका आहे की आजचा अख्खा भाग त्यावरच करायचं ठरवलं. नेहमीप्रमाणे बोललेलं थोडं साफसूफ करून इथे देतोय.

आधी ती स्क्रीनवरची ओळ समजून घेऊ. 'फक्त इमर्जन्सी कॉल' याचा अर्थ तिथे सिग्नलच नाही असा होत नाही. उलट, सिग्नल आहे! तुमच्या फोनला टॉवर 'ऐकू' येतोय, पण तो दुसऱ्या कंपनीचा आहे. प्रत्येक नेटवर्क हवेत आपला एक ओळख क्रमांक सतत सांगत असतं. भारतातल्या नेटवर्कचे हे क्रमांक ४०४ किंवा ४०५ ने सुरू होतात आणि पुढचे आकडे कंपनी आणि सर्कल सांगतात. तुमचं सिम स्वतःच्या घरचा क्रमांक शोधतं. तो नाही सापडला, तर फोन दुसऱ्याचं दार वाजवतो, आणि आतून उत्तर येतं, "तुमचं आमच्याकडे खातं नाही." ११२ ला मात्र कुठलंही नेटवर्क वाट देतं. म्हणजे यंत्रांना अडचण काहीच नाही, बरं का. दार व्यवहाराने बंद आहे.

आता तुम्ही म्हणाल, टॉवर तर तीन-तीन कंपन्या मिळून वापरतात असं ऐकलंय. खरंय. पण 'टॉवर शेअर करणं' आणि 'नेटवर्क शेअर करणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सगळा घोळ इथेच होतो.

टॉवर म्हणजे लोखंडी सांगाडा, जागा, कुंपण, वीज, बॅटऱ्या, डिझेल जनरेटर. हे वाटून घेणं आपल्याकडे जुनं आहे. २००७ मध्ये एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया यांनी मिळून इंडस टॉवर्स ही कंपनी काढली ती यासाठीच. पण सांगाड्यावर लटकणारे अँटेना आणि खालच्या पेटीतली यंत्रं ज्याची त्याची. चाळीसारखं समजा: इमारत एक, जिना एक, खोलीची किल्ली मात्र वेगवेगळी. श्रोत्यांच्या टेकडीवर कदाचित एकाच बिऱ्हाडाने खोली घेतली असेल.

पुढची पायरी म्हणजे यंत्रंच वाटून घेणं. एकच रेडिओ यंत्रणा दोन कंपन्यांचे ओळख क्रमांक हवेत सोडते आणि आलेला कॉल ज्याच्या त्याच्या मुख्य यंत्रणेकडे पाठवते. स्पेक्ट्रमसुद्धा, म्हणजे हवेतल्या ज्या लहरींसाठी कंपन्या सरकारला हजारो कोटी मोजतात त्या, वाटून घेता येतात. त्यासाठीचे नियम आपल्याकडे २०१५ मध्ये आले. आणि तिसरा प्रकार, ज्याचा ग्राहकाला थेट उपयोग होतो, तो म्हणजे इंट्रा सर्कल रोमिंग. आपल्याच सर्कलमध्ये, आपल्या कंपनीची रेंज नसेल तिथे दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कवर फोन चालणं. (सर्कल म्हणजे लायसन्सचा प्रदेश. देशात २२ आहेत. मुंबईचं वेगळं आणि उरलेल्या महाराष्ट्राचं वेगळं. गोवा या दुसऱ्यात येतो.)

या रोमिंगवरून आपल्याकडे मोठं महाभारत झालंय, आणि त्यात पुणेकर नकळत सामील होते. २०१० च्या थ्रीजी लिलावात सरकारला सुमारे ६७,७१९ कोटी रुपये मिळाले, पण एकाही खासगी कंपनीला सगळा देश मिळाला नाही. एअरटेलकडे मुंबई आली, महाराष्ट्र सर्कल नाही. आयडियाकडे महाराष्ट्र आलं, मुंबई नाही. मग एअरटेल, व्होडाफोन आणि आयडियाने आपापसात करार केले: माझं तू वापर, तुझं मी वापरतो. ग्राहक खूश. दूरसंचार विभाग मात्र भडकला. ज्या सर्कलसाठी पैसे भरले नाहीत तिथे तुम्ही थ्रीजी विकताच कसं, हा त्यांचा सवाल. २०११ च्या अखेरीस करार बंद करण्याचे आदेश निघाले, २०१३ मध्ये दंड ठोठावले गेले: व्होडाफोनला ५५० कोटी, एअरटेलला ३५०, आयडियाला ३००. शेवटी एप्रिल २०१४ मध्ये दूरसंचार लवादाने निकाल कंपन्यांच्या बाजूने दिला.

मला विचाराल तर सरकारचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. न बांधता विकता येत असेल तर बांधायचं कशाला, हा विचार कुठल्याही हिशेबनीसाच्या डोक्यात येणारच. पण त्या भांडणात ग्राहकाची बाजू कोणी फारशी मांडली नाही, हेही तितकंच खरं.

आता जानेवारी २०२५ कडे येऊ. १७ तारखेला दूरसंचार मंत्री ज्योतिरादित्य शिंदे यांनी एक योजना सुरू केली: डिजिटल भारत निधीच्या पैशातून उभ्या राहिलेल्या फोरजी टॉवरवर बीएसएनएल, एअरटेल आणि जिओ या तिन्ही कंपन्यांच्या ग्राहकांना एकमेकांचं नेटवर्क वापरता येईल. असे सुमारे २७,८३६ टॉवर आणि ३५,४०० हून जास्त गावं. हा निधी म्हणजे पूर्वीचा यूएसओ फंड. कंपन्या आपल्या महसुलाच्या ५ टक्के त्यात भरतात. आणि कंपन्यांचा महसूल कुठून येतो? तुमच्या-माझ्या रिचार्जमधून. म्हणून मला हे उपकार वाटत नाहीत. गावातला टॉवर सगळ्यांच्या पैशातून झाला असेल, तर त्यावर एकाच कंपनीचं सिम चालणं हाच आधीचा प्रकार विचित्र होता.

यात फोरजी हा शब्द महत्त्वाचा आहे. जिओकडे टूजी-थ्रीजी नाहीच, त्यांचे कॉलसुद्धा फोरजीवरून जातात. तेव्हा समोरचा टॉवर फक्त टूजी असेल तर जिओच्या ग्राहकाला तो शेअर करूनही उपयोग शून्य. आणि हेच उलटंही: घरातल्या आजोबांचा बटणवाला टूजी फोन फोरजी टॉवरखाली बसूनही मुकाच राहणार.

संकटात हे सगळं जिवाशी येतं. जून २०२० मध्ये निसर्ग वादळानंतर रायगडच्या किनाऱ्यावर कित्येक दिवस ना वीज होती ना फोन. तीन कंपन्या एकाच सांगाड्यावर असतील आणि तो सांगाडाच आडवा झाला, किंवा जनरेटरचं डिझेल संपलं, तर तिघीही एकदम गप्प. म्हणजे टॉवर शेअरिंग खर्च वाचवतं, संकटात आधार देईलच असं नाही. रोमिंग देऊ शकतं, कारण चार गावांत मिळून जो एखादा टॉवर तग धरतो तो सगळ्यांना वापरता येतो. म्हणूनच जून २०२३ च्या बिपरजॉय वादळात गुजरातेत, आणि ऑगस्ट २०२५ च्या पुरानंतर जम्मू-काश्मीरमध्ये, सरकारने कंपन्यांना हे रोमिंग तात्पुरतं खुलं करायला लावलं.

तोटे? आहेत ना. पाहुण्या ग्राहकाला वेग कमी मिळू शकतो, यजमान आधी आपल्या घरच्यांना वाढणार. बोलत बोलत एका नेटवर्कच्या हद्दीतून दुसऱ्यात गेलात तर कॉल तुटू शकतो. आणि दुर्गम भागात एकच नेटवर्क उरलं की "पटत नाही तर पोर्ट करा" या सल्ल्याला अर्थ राहत नाही. तिन्ही सिम त्याच एका टॉवरवर, मग पोर्ट करून जाणार कुठे? बिल मात्र तुमच्या कंपनीचंच येतं. कंपन्यांचा आपसातला हिशेब त्या बघतात.

आता घाटमाथ्यावरच्या दादांसाठी. फोनच्या सेटिंगमध्ये नेटवर्क निवड 'ऑटोमॅटिक'वर आहे ना ते बघा. कधी कोणी हाताने आपली कंपनी निवडून ठेवलेली असते, मग रोमिंग खुलं असूनही फोन दुसरीकडे जातच नाही. डेटा रोमिंगही चालू करून पाहा. ट्रायच्या २०२४ च्या नियमांमुळे कंपन्यांना आपल्या रेंजचे नकाशे वेबसाइटवर ठेवावे लागतात. त्यात आपलं गाव शोधा. आणि टेकडीवरचा तो टॉवर सरकारी निधीतला आहे का, हे ग्रामपंचायतीमार्फत विचारा. तसा असेल आणि तरी फोन 'फक्त इमर्जन्सी कॉल'च म्हणत असेल, तर आधी आपल्या कंपनीकडे तक्रार नोंदवा, तक्रार क्रमांक घ्या, आणि मला पुन्हा व्हॉइस मेसेज पाठवा. बायकोच्या फोनवरून पाठवलात तरी चालेल.