इंटरनेटविना चालणाऱ्या क्लस्टरचा खर्च कसा मोजला जातो?

संगणकाची क्षमता वापरानुसार भाड्याने देणाऱ्या सेवा क्लाउड या नावाने सर्वपरिचित आहेत. अनेक संगणक जोडून तयार केलेल्या क्लस्टरवर एकाच वेळी अनेक विभागांची कामे चालतात. त्यामुळे कोणत्या विभागावर किती खर्च झाला, हे केवळ मासिक देयकावरून कळत नाही. क्लस्टर इंटरनेटपासून तोडलेले असेल, तर हा हिशेब अधिकच अवघड होतो.

इंटरनेट का नको?

संरक्षण, अणुऊर्जा यांसारख्या क्षेत्रांत सुरक्षिततेसाठी महत्त्वाची संगणक यंत्रणा बाह्य जगापासून अलग ठेवतात. २०१९ मध्ये कुडनकुलम अणुऊर्जा प्रकल्पाशी संबंधित प्रशासकीय जाळ्यातील एका संगणकात घातक आज्ञावली आढळली होती. तो संगणक इंटरनेटशी जोडलेला होता. महत्त्वाचे अंतर्गत जाळे त्यापासून वेगळे असून प्रकल्पाच्या यंत्रणेवर परिणाम झाला नाही, असे न्यूक्लियर पॉवर कॉर्पोरेशनने त्या वेळी स्पष्ट केले होते.

वापर आत, दर बाहेर

गूगलने २०१४ मध्ये खुली केलेली कुबरनेटिस ही क्लस्टर चालवणारी प्रमुख प्रणाली आहे. तिच्यावरील खर्च मोजणारी ओपनकॉस्ट ही मुक्त आज्ञावली २०२२ मध्ये क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशनच्या छत्राखाली आली.

खर्च म्हणजे वापर गुणिले दर. वापराची नोंद प्रोमिथियस ही आज्ञावली क्लस्टरमध्येच ठेवते. तिला इंटरनेट लागत नाही. दर मात्र एरवी क्लाउड कंपन्यांच्या दरपत्रकातून इंटरनेटद्वारे घेतले जातात. संपर्क नसल्यास प्रोसेसर, मेमरी व साठवण यांचे दर एका फाइलमध्ये लिहून ते आज्ञावलीला पुरवता येतात. ही फाइल आणि खुद्द आज्ञावली तपासणी केलेल्या साधनावरून आत नेली जाते. यंत्रे संस्थेच्याच मालकीची असतील, तर खरेदी, वीज व देखभाल यांवरून दर ठरवावा लागतो.

एक काल्पनिक उदाहरण पाहू. प्रोसेसरच्या एका गाभ्याचा दर ताशी २ रुपये आणि एक जीबी मेमरीचा दर ताशी २५ पैसे धरला, तर १६ गाभे व ६४ जीबी मेमरी असलेल्या यंत्राचा खर्च ताशी ४८ रुपये होतो. ७२० तासांच्या महिन्यात तो ३४,५६० रुपये होईल. तीन विभागांनी प्रत्येकी ४ गाभे व १६ जीबी मेमरी राखून ठेवल्यास प्रत्येकाच्या नावावर ८,६४० रुपये पडतील. उरलेले ८,६४० रुपये हा न वापरलेल्या क्षमतेचा खर्च. राखीव क्षमता आणि प्रत्यक्ष वापर यांपैकी जे अधिक, ते हिशेबात धरले जाते. म्हणून गरजेपेक्षा जास्त क्षमता अडवून ठेवणारा विभागही नजरेस येतो.

जुन्या दरांचा धोका

बाहेरचे दर बदलले, तरी आतली फाइल आपोआप बदलत नाही. आकडे नीटनेटके दिसतात, पण ते चुकीचे असू शकतात आणि त्यांच्याच आधारे पुढील वर्षाची तरतूद ठरते. करारातील सवलतही सर्वसाधारण दरपत्रकात दिसत नाही. म्हणूनच फाइलवर दरांची तारीख नोंदवणे, ठरावीक काळाने नवे दर आत नेणे आणि एकूण रकमेचा प्रत्यक्ष देयकाशी ताळमेळ घालणे आवश्यक ठरते. ही जबाबदारी कोणाची, हेही आधीच निश्चित असावे लागते.