ठसका थांबला, पण दाणा कुठे गेला?

कार्तिकातला शेवटचा सोमवार आला की बंगळूरच्या बसवनगुडीत मोठ्या नंदीच्या देवळापाशी भुईमुगाच्या शेंगांचे ढीग लागतात. ‘कडलेकाई परिषे’ म्हणजे शेंगांची ही जत्रा. मग काही किलोमीटरवरच्या कोरमंगलातही घरोघरी शेंगांच्या पिशव्या येतात. नोकरीनिमित्त इथे स्थायिक झालेल्या मराठी घरांत तर दाण्यांवाचून ना चिवडा होतो, ना उपासाची खिचडी. मोठी माणसे गप्पा मारत शेंगा फोडतात आणि दोन वर्षांचे पोर आयते दाणे उचलून तोंडात टाकते.

पळता पळता ते हसते आणि एकदम ठसका लागतो. चेहरा लाल, डोळ्यांत पाणी. आजी पाठ थोपटते. थोड्या वेळाने खोकला थांबतो, पोर पुन्हा खेळू लागते आणि सगळ्यांना हायसे वाटते. खरी फसगत इथेच होते. दाणा बाहेर पडलेलाच नसतो. तो श्वासनलिकेतून खाली उतरून एखाद्या फाट्यात जाऊन बसलेला असतो. पुष्कळदा उजव्या, कारण तो अधिक रुंद आणि सरळ असतो.

तिथे दाणा ओलाव्याने फुगतो, त्यातल्या तेलाने आतले अस्तर सुजते. काही दिवसांनी ताप येतो, छाती घरघरते. दमा किंवा न्यूमोनिया समजून औषधे सुरू होतात. ताप उतरतो आणि पुन्हा चढतो. तोवर तो ठसका कुणाच्या ध्यानातही नसतो. एक्स-रेवर भिस्त ठेवावी, तर त्यात नाणे दिसते, शेंगदाणा दिसत नाही. फार तर हवा अडकून फुगलेले किंवा आक्रसलेले फुफ्फुस दिसते, आणि सुरुवातीला एक्स-रे अगदी स्वच्छही येऊ शकतो. महिनोन्महिने गेले तर आत पू धरतो, श्वासवाहिन्या कायमच्या रुंदावतात आणि क्वचित फुफ्फुसाचा तेवढा भाग काढून टाकावा लागतो. म्हणूनच ‘परवा दाणे खाताना याला ठसका लागला होता’ हे आईचे एक वाक्य डॉक्टरांना एक्स-रेहून मोलाचे.

उपाय जुना आणि खात्रीचा आहे. १८९७ साली जर्मनीत गुस्ताव किलियान यांनी नळीच्या दुर्बिणीने एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेतून हाडाचा तुकडा काढला. अमेरिकेतल्या शेवालिए जॅक्सन यांनी रुग्णांच्या घशातून आणि छातीतून काढलेल्या दोन हजारांहून अधिक वस्तू फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात आहेत! आज लहान मुलाला पूर्ण भूल देऊन दाणा काढतात. त्यासाठी बालशल्यचिकित्सेची सोय असलेले मोठे रुग्णालय गाठावे. कोरमंगलाकरांना सेंट जॉन्स जवळच आहे. खोकला थांबला तरी तपासणी टाळू नये.

चार वर्षांपर्यंत अख्खा दाणा नकोच, कूट चालेल. सीताफळाच्या बिया, चिंचोके, सुपारीचे खांड हेही हाताशी नसावे.

गुदमरलेले मूल जोरात खोकत असेल तर त्याला खोकू द्यावे. घशात बोट घालून चाचपडू नये, दाणा आणखी आत जातो. आवाजच फुटत नसेल तर मात्र वेळ दवडू नये. वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथे घेऊन, डोके खाली ठेवून, दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळव्याने पाच थापा द्याव्यात. मग उताणे करून छातीच्या मध्यावर एका तळव्याच्या टाचेने पाच वेळा दाबावे. मोठ्या मुलाला वाकवून पाठीवर तशाच थापा, मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर आत-वरच्या दिशेने पाच झटके. हे चालू असतानाच दुसऱ्याने १०८ ला फोन लावावा.