हुर्यो कोणाला बाधतो?

भातकापणी आणि झोडणी आटोपली, की महाड-पोलादपूरच्या गावागावांत कबड्डीची मैदाने आखली जातात. संध्याकाळी दिव्यांच्या माळा लागतात, मुंबई-ठाण्याचे चाकरमानी शनिवारी रात्रीच्या गाडीने हजर होतात आणि पहाटेपर्यंत ध्वनिक्षेपक कोणाला झोपू देत नाही. या दिवसांत दवाखान्यात येणाऱ्या तक्रारी आम्हा डॉक्टरांना पाठ झालेल्या असतात. लचकलेला घोटा, सुजलेला गुडघा, निखळलेले बोट. आणि सोमवारी सकाळी हटकून येणारी, घसा बसलेली माणसे. ही खेळणारी नसतात, पाहणारी असतात.

यांतले काही घसे आपल्या संघाला हाका घालून बसलेले असतात आणि काही आपल्याच संघाचा हुर्यो करून. दुसऱ्या प्रकारच्या एका गृहस्थांना मी सहज टोकले, तर ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "डॉक्टर, पोरं रडतखडत खेळत असतील तर काय आरती ओवाळायची? वर्गणी आम्ही काढलीय." त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. ज्याने जीव लावला, त्याला रागावण्याचा हक्क नसेल तर कोणाला? पण हुर्यो कानातून आत जातो आणि पुढे हृदय, जठर, हाताची बोटे या सर्वांवर काम करतो. म्हणून या सदरात त्याचा विचार करायला हरकत नसावी.

हा प्रश्न आपल्या गावापुरता नाही. फुटबॉलच्या जगात तर तो फार जुना आहे. आपल्या मुंबईतलेच उदाहरण घ्या. जून २०१८ मध्ये अंधेरीच्या मैदानावर भारतीय फुटबॉल संघाने चिनी तैपेईला ५-० असे हरवले. कर्णधार सुनील छेत्रीने तीन गोल केले. पाहायला माणसे किती? अडीच हजारांच्या आसपास. दुसऱ्या दिवशी छेत्रीने चित्रफितीतून लोकांना विनवणी केली. तिचा आशय असा, की आमच्यावर टीका करा, ओरडा, हव्या तर शिव्या द्या, पण मैदानात येऊन द्या. केनियाविरुद्धचा पुढचा सामना, जो त्याचा शंभरावा होता, त्याची सर्व तिकिटे संपली. भारताने तो ३-० असा जिंकला.

म्हणजे रिकाम्या खुर्च्यांपेक्षा शिव्या बऱ्या, असे एक मोठा खेळाडू म्हणतो. मला त्यात तथ्य वाटते. हुर्यो करणारा निदान थंडीत येऊन बसलेला तरी असतो. पण छेत्रीचे बोलणे हा एका मुरलेल्या, तिशी ओलांडलेल्या कर्णधाराचा मोठेपणा होता. ते सोळा वर्षांच्या मुलाला लागू करण्यापूर्वी थोडे थांबले पाहिजे.

क्रिकेटमध्ये हेच आपण वानखेडेवर दोनदा पाहिले. मार्च २००६ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत सचिन तेंडुलकर २१ चेंडूंत अवघी १ धाव काढून परतला, तेव्हा प्रेक्षकांतल्या काहींनी त्याचा हुर्यो केला. स्वतःच्या शहरात, स्वतःच्या मैदानावर! त्याच महिन्याच्या अखेरीस त्याच्या उजव्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. ओरडणाऱ्यांना धावफलक दिसत होता, खांदा दिसत नव्हता. दुसरा प्रसंग एप्रिल २०२४ चा. मुंबई इंडियन्सचे कर्णधारपद रोहित शर्माकडून हार्दिक पंड्याकडे गेले, ते लोकांना रुचले नाही. वानखेडेवर नाणेफेकीच्या वेळीच असा गलका झाला, की सूत्रसंचालन करणाऱ्या संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना नीट वागा म्हणून सांगावे लागले. त्या हंगामात तो संघ तळाला राहिला. त्याला अनेक कारणे असतील, सगळे पाप प्रेक्षकांच्या माथी मारण्यात अर्थ नाही. जूनच्या अखेरीस हाच हार्दिक विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातले शेवटचे षटक टाकून आला आणि ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्याच नावाचा जयघोष झाला. माणूस तोच होता. तीन महिन्यांत असे कोणते औषध दिले होते?

आता शरीराकडे वळू. धोका जाणवला की मूत्रपिंडावरच्या चिमुकल्या ग्रंथींतून ॲड्रिनॅलिन रक्तात येते. नाडी वाढते, श्वास वरचेवर होतो, तोंडाला कोरड पडते, पोटाकडचे रक्त मोठ्या स्नायूंकडे वळते. वाघ मागे लागला असता हे सर्व फार उपयोगी. पळायला बळ येते. पण चढाई म्हणजे नुसते पळणे नव्हे. तीस सेकंदांत समोरच्या सात जणांचे पाय पाहायचे, कोपऱ्यातल्या गड्याचा अंदाज घ्यायचा, बोटाच्या टोकाने स्पर्श करून मागे फिरायचे. हे नाजूक काम आहे आणि घाबरलेले शरीर नाजूक कामाला नालायक असते. सासूबाई टक लावून बसल्या असताना सुईत दोरा ओवून पाहा.

रॉबर्ट झायोन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये यावर एक महत्त्वाचा विचार मांडला. कोणी पाहत असले की अंगवळणी पडलेले काम अधिक चांगले होते, पण कच्चे, नवे किंवा अवघड काम बिघडते. रॉय बाउमायस्टर यांनी १९८४ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. दडपण आले की माणसाचे लक्ष कामावरून उडून स्वतःच्या हातापायांकडे जाते आणि जे आपोआप होत होते तेच अडखळू लागते. जिना उतरताना कोणता पाय पुढे टाकू याचा विचार करून बघा, ठेच लागलीच समजा. हुर्यो नेमके हेच करतो. म्हणून मुरलेला खेळाडू कधी कधी चिडून अधिक चांगला खेळतो, हे खरे आहे. पण ज्याचा सूर हरवला आहे, जो आधीच अडखळतो आहे, त्याच्या बाबतीत मात्र हुर्यो दुखण्यावरच मीठ चोळतो. आणि हुर्यो तर बहुधा अशाच खेळाडूचा होतो!

प्रेक्षकांच्या आवाजाने काय फरक पडतो, असेही कोणी म्हणेल. करोनाच्या साथीत मे २०२० मध्ये जर्मनीतले फुटबॉल सामने रिकाम्या मैदानांवर पुन्हा सुरू झाले, तेव्हा घरच्या मैदानावर खेळणाऱ्या संघांचे विजय चांगलेच घटले. मैदान तेच, गवत तेच. आवाज तेवढा नव्हता.

दोन वर्षांपूर्वी सावित्रीपलीकडच्या एका गावचा सतरा वर्षांचा मुलगा माझ्याकडे आणला गेला. तक्रार अशी, की सामन्याच्या दिवशी दुपारपासून उलट्या आणि जुलाब. एरवी काही नाही. अशा वेळी डॉक्टरने लगेच मनाचा आजार म्हणून मोकळे होऊ नये. आपल्याकडे खेळाडूचा खेळ बसला तर प्रथम शरीर तपासले पाहिजे. रक्त कमी असते, कावीळ नुकतीच होऊन गेलेली असते, गुडघ्याचा अस्थिबंध फाटलेला असतो आणि पोरगा कोणाला सांगत नाही. कित्येकदा तर उपाशीपोटी, रात्रभर प्रवास करून, एका वडापाववर तीन सामने खेळलेले असतात. त्याला लोक "ढिला पडला" म्हणतात. या मुलाचे रक्त, लघवी, छाती, रक्तदाब सर्व ठीक निघाले. वडील बाहेर गेल्यावर तो हळूहळू बोलू लागला. मागच्या हंगामात त्याची तिसरी चढाई ओळीने तीन सामन्यांत फुकट गेली होती. तेव्हापासून तो मध्यरेषेकडे निघाला की गावचेच लोक हुर्यो करीत. त्यात त्याचा चुलताही.

मी विचारले, "समोरच्या गावचे लोक ओरडतात, त्याचे काही वाटत नाही का?"

तो म्हणाला, "त्यांचं काय नाय वाटत, डॉक्टर. आपल्यातला आवाज वळखू येतो."

मी बराच वेळ काही लिहिलेच नाही. परक्यांचा गलका हा नुसता गलका असतो. आपल्या माणसाच्या हुर्योला नाव असते, नाते असते. उद्या सकाळी पाणवठ्यावर, एस.टी.च्या थांब्यावर तोच माणूस भेटणार असतो. शहरातल्या खेळाडूला गाडीत बसून घरी जाता येते. या मुलाने कुठे जायचे?

त्याला पोटाच्या गोळ्या दिल्या नाहीत. चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद सावकाश बाहेर, असे दहा वेळा, दिवसातून दोनदा आणि चढाईची पाळी येण्याआधी करायला सांगितले. सामन्याआधी तीन तास साधे जेवण, भात-वरण, तळलेले नको. खरे औषध चुलत्याला दिले. तो बिचारा चकितच झाला. "माझ्या ओरडण्यानं त्याला उलटी होते?" असे त्याने दोनदा विचारले. आज तो मुलगा कोपरा सांभाळतो, चढाईला क्वचित जातो. उलट्या कमी झाल्या, पण पूर्ण गेल्या नाहीत.

मग चुकणाऱ्याला कोणी काही बोलायचेच नाही काय? तसे माझे म्हणणे नाही. वरंध घाटातल्या अवघड वळणावर समोरून ट्रक आला आणि आपल्या चालकाला एस.टी. मागे घ्यावी लागली, तर त्याचा हुर्यो कोणी करीत नाही. सगळे गप्प असतात, एखादा मागे बघून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणतो. कारण आपण त्याच गाडीत बसलेले असतो. आणि कडक बोलण्याचे उदाहरण हवे तर पोलादपूर तालुक्यातल्या उमरठला जावे. तिथे तानाजी मालुसरे यांची समाधी आहे. १६७० च्या फेब्रुवारीत सिंहगडावर तानाजी पडले आणि मावळे दोरांकडे पळत सुटले. तेव्हा सूर्याजीने दोर कापून टाकले व त्यांना चांगलेच खडसावले, अशी कथा परंपरेने चालत आली आहे. ते खडसावणे मुळीच गोड नव्हते. पण दोर कापल्यावर सूर्याजीलाही उतरायला वाट उरली नव्हती.

हुर्यो करणाऱ्याचे नेमके उलटे असते. अमेरिकेत रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा एक गमतीदार अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्या महाविद्यालयाचा संघ जिंकला की सोमवारी अधिक मुले महाविद्यालयाच्या नावाचे कपडे घालून येत आणि "आपण जिंकलो" म्हणत. हरल्यावर "ते हरले". आपल्याकडे वेगळे काय आहे? हरण्याची लाज अंगाला लागू नये म्हणून माणूस गाडीतून उतरतो आणि खाली उभा राहून ओरडतो. हुर्यो हे पाहणाऱ्याने स्वतःच्या दुखण्यावर घेतलेले औषध आहे. त्याचे दुष्परिणाम मात्र दुसऱ्याच्या पोटात होतात. हे औषध हाताबाहेर गेले तर काय होते, ते कोलंबियाने पाहिले. १९९४ च्या विश्वचषकात आंद्रेस एस्कोबार या त्यांच्याच खेळाडूकडून स्वतःच्या जाळ्यात चेंडू गेला. दहा दिवसांनी मायदेशी, मेडेलिन शहरात त्याला गोळ्या घालण्यात आल्या.

खेळाडू जाणूनबुजून हात राखून खेळत असतील, किंवा संघ निवडताना वशिला चालत असेल, तर जरूर जाब विचारावा. मंडळाची बैठक असते, तिथे उभे राहून विचारावा. हात थरथरणाऱ्याला आणि हात राखणाऱ्याला एकच मात्रा देऊ नये. आणि मैदान आखले असेपर्यंत तरी अठरा वर्षांखालच्या मुलांचा हुर्यो गावाने बंदच करावा. हे मी स्पष्टपणे सांगतो. कबड्डी सोडून दिलेली अशी मुले संध्याकाळी कोणत्या टपरीवर उभी असतात, ते आम्हाला दिसते.

आता ओरडणाऱ्यांच्या प्रकृतीविषयी. २००६ ची फुटबॉल विश्वचषक स्पर्धा जर्मनीत झाली. म्युनिक परिसरातल्या डॉक्टरांनी त्या काळातील हृदयविकाराच्या तातडीच्या रुग्णांची मोजणी केली. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी हे प्रमाण एरवीच्या २.६६ पट होते. पुरुषांत ते तिपटीहून अधिक. सामना सुरू झाल्यावरचे पहिले दोन तास सर्वांत धोक्याचे ठरले. ज्यांना आधीपासून हृदयविकार होता, त्यांना अधिक त्रास झाला. अर्जेंटिनाविरुद्धचा सामना तर जर्मनीने जिंकला होता, तरीही त्या दिवशी रुग्ण वाढलेच.

तेव्हा रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असतील, तर स्पर्धेच्या रात्री त्या चुकवू नका. जागरण, तंबाखू, मद्य आणि आरडाओरडा हे चौघे एकत्र येऊ देऊ नका. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, गार घाम अशी लक्षणे दिसली तर शेवटची पाच मिनिटे पाहून निघू असे म्हणू नये. ताबडतोब १०८ क्रमांकाला दूरध्वनी करावा. मैदानापासून पक्क्या रस्त्यापर्यंत रुग्णाला चालत नेऊ नये, उचलून न्यावे.

घसा बसला असेल तर दोन-तीन दिवस बोलणे बंद ठेवावे. कुजबुजणेही नको, त्याने स्वरतंतूंवर अधिक ताण येतो. कोमट पाणी वरचेवर प्यावे, साध्या पाण्याची वाफ घ्यावी, मिरची-मसाला कमी करावा. तीन आठवड्यांत आवाज मोकळा झाला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र तपासून घ्यावे. तंबाखू किंवा विडी ओढणाऱ्यांनी हा घोगरेपणा कबड्डीच्या माथी मारून दिवस काढू नयेत.